ह्यूगोची यादी बनते कशी?

२२ ऑगस्ट २०१५ ची रात्र. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहरात, सायफाय आणि फँटसीच्या चाहत्यांचं जागतिक संमेलन भरलं होतं. त्याला वर्ल्डकॉन म्हणतात. वर्षातल्या सर्वोत्तम कादंबरीचं नाव जाहीर करायला पडद्यावर आले अंतराळवीर चेल लिंडग्रेन, आणि ते बोलत होते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून. पुस्तक होतं लिऊ त्सिशिन यांचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. मूळ चिनी, इंग्रजी अनुवाद केन लिऊ यांचा. कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार अनुवादित पुस्तकाला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आणि तरी त्या वर्षी एप्रिलमध्ये पाच पुस्तकांची अंतिम यादी पहिल्यांदा जाहीर झाली, तेव्हा हे पुस्तक तिच्यात नव्हतं! यादीतले एक लेखक, मार्को क्लूस, यांनी आपली कादंबरी मागे घेतली. जागा रिकामी झाली, खालचं पुस्तक वर सरकलं, आणि चार महिन्यांनी तेच जिंकलं.

क्लूस यांनी पुस्तक मागे का घेतलं, हे समजायचं तर ह्यूगोचं मतदान आणि मतमोजणी समजून घ्यावी लागते. बाहेरून ती किचकट वाटते, पण आपल्याला ती फार जवळची आहे, आपल्याच ते लक्षात नसतं. मला कुणी "सध्या सायफायमध्ये काय वाचतायत लोक? कुठून सुरुवात करू?" असं विचारलं की मी ह्यूगोची यादी पुढे करते. पण यादी हातात देताना ती कुणी आणि कशी बनवली हे सांगितलं नाही, तर निम्मी माहिती आपल्याकडेच राहिली असं मला वाटतं.

पुरस्कार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षक मंडळ येतं. तीन-चार जाणती माणसं पुस्तकं वाचतात, बसतात, ठरवतात. ह्यूगोला परीक्षकच नाहीत. 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक १९२६ साली सुरू करणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या नावाचा हा पुरस्कार १९५३ साली फिलाडेल्फियात पहिल्यांदा दिला गेला. तो ठरवतात वर्ल्डकॉनचे सभासद. साधारण पन्नास डॉलर भरून कुणीही सभासद होऊ शकतं. संमेलनाला जायचीही गरज नाही, कोल्हापुरात घरी बसून मत देता येतं. अंतिम यादीतली बरीचशी पुस्तकं मतदारांना वाचायला ई-बुक स्वरूपात मिळतात, म्हणजे पैसे तिथेच वसूल होतात.

मतदान दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा नामांकनाचा. आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांपैकी आवडलेली जास्तीत जास्त पाच नावं प्रत्येक विभागात लिहायची. त्यातून सहा पुस्तकं वर येतात (२०१७ पूर्वी पाच यायची). दुसऱ्या टप्प्यात त्या सहांना पसंतीक्रम द्यायचा. मी आधी दुसरा टप्पा सांगते, कारण तो सोपा आहे आणि आपल्या ओळखीचाही.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात तुम्ही मत दिलं असेल तर आठवा. तिथे बटण दाबायचं नसतं. मतपत्रिकेवर जांभळ्या पेनाने उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. मग बातम्यांत "पहिल्या पसंतीच्या मतांत कुणीच कोटा पूर्ण केला नाही, दुसऱ्या पसंतीची मतं मोजणार" असं येतं आणि निकाल पहाटेपर्यंत लांबतो. ह्यूगोचा दुसरा टप्पा अगदी हाच.

आमच्या अकरा जणांच्या वाचनगटात हे करूनच पाहिलं होतं. २०२५ च्या ह्यूगोच्या अंतिम यादीतली चार पुस्तकं समोर होती आणि त्यांतलं एक सगळ्यांनी मिळून वाचायचं होतं. एक, एड्रियन चायकोव्स्की यांचं 'सर्व्हिस मॉडेल', मालकाचा खून करून बसलेल्या यांत्रिक नोकराची भटकंती. दुसरं, जॉन विस्वेल यांचं 'समवन यू कॅन बिल्ड अ नेस्ट इन', रूप बदलणारी राक्षसीण माणसाच्या प्रेमात पडते आणि गोष्ट तिच्या बाजूने सांगितलेली. तिसरं, रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांचं 'द टेन्टेड कप', अद्भुत साम्राज्यातला खुनाचा तपास. चौथं, कॅलिएन ब्रॅडली यांचं 'द मिनिस्ट्री ऑफ टाइम', १८४५ च्या ध्रुवीय मोहिमेतला नौदल अधिकारी आजच्या लंडनमध्ये आणला जातो. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकाने १ ते ४ क्रम लिहिले आणि सतरंजीवर चार ढीग लावले.

पहिल्या पसंतीने ढीग पडले ते असे : यांत्रिक नोकर ४, राक्षसीण ३, खुनाचा तपास ३, नौदल अधिकारी १. साध्या हिशेबात यांत्रिक नोकर जिंकला असता. पण अकरातल्या सात जणांची तो पहिली पसंती नव्हता. म्हणून सगळ्यात लहान ढीग, म्हणजे नौदल अधिकारी, बाद. त्या एका चिठ्ठीवर २ हा आकडा कुणापुढे आहे ते पाहिलं. तपासापुढे होता, चिठ्ठी तिकडे गेली. आता नोकर ४, तपास ४, राक्षसीण ३. राक्षसीण बाद. तिच्या तीन चिठ्ठ्यांतल्या दोन तपासाकडे गेल्या, एक नोकराकडे. तपास ६, नोकर ५. अकरात सहा म्हणजे निम्म्याहून जास्त, निकाल लागला. सिएटलच्या वर्ल्डकॉनमध्येही २०२५ चा ह्यूगो 'द टेन्टेड कप'लाच मिळाला. आमच्या गटाचा कौल तसाच निघाला हा योगायोग, पण मोजणी तीच.

या पद्धतीचा परिणाम यादी वाचताना लक्षात ठेवण्यासारखा आहे. थोड्या लोकांचं जिवापाड आवडतं आणि बाकीच्यांना नकोसं, असं पुस्तक इथे पहिल्या फेरीत पुढे असूनही शेवटी अडकतं. पुष्कळांच्या चिठ्ठीवर पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाला असलेलं पुस्तक पुढे जातं. मात्र सगळ्यांचं दुसऱ्या क्रमांकाचं आणि कुणाचंच पहिल्या क्रमांकाचं नाही असं पुस्तक असेल, तर ते पहिल्याच फेरीत बाद होईल. ही या पद्धतीची खरी उणीव आहे.

मतपत्रिकेवर सहा पुस्तकांखाली आणखी एक ओळ असते : 'नो अवॉर्ड', कुणालाच पुरस्कार नको. आपल्या 'नोटा'सारखी, पण तिच्यात जोर आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. ह्यूगोत 'नो अवॉर्ड' जिंकलं तर त्या विभागात पुरस्कार दिलाच जात नाही. आणि ते शर्यतीत आधीच बाद झालं, तरी शेवटी एक तपासणी होते. जिंकलेल्या पुस्तकाला 'नो अवॉर्ड'च्या वर ठेवणारे किती आणि खाली ठेवणारे किती? खाली ठेवणारे जास्त निघाले तर विजेता रद्द. मला ही तरतूद फार आवडते. वाचकाला "यातलं काहीच या लायकीचं नाही" असं म्हणायचा हक्क तिने दिला आहे आणि त्या म्हणण्याला वजनही.

आता पहिला टप्पा. इथेच २०१५ साली घर जळालं.

साखर कारखान्याची किंवा बाजार समितीची निवडणूक पाहिलेल्या माणसाला पॅनेल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सगळ्या जागांवर आपलीच माणसं आणि कार्यकर्त्यांना निरोप एकच : शिक्का पॅनेलवर. ह्यूगोच्या नामांकनात तोवर असं कुणी मोठ्या प्रमाणावर केलं नव्हतं. जो तो आपल्या वाचनातली पाच नावं लिहायचा आणि वर्षाला शेकडो पुस्तकं येत असल्यामुळे मतं विखुरलेली असायची. त्यामुळे थोड्या मतांवरही पुस्तक अंतिम यादीत येत असे. ह्यूगो हल्ली साहित्यिक धाटणीच्या आणि सामाजिक भूमिका घेणाऱ्या लेखनाकडे झुकला आहे, जुन्या धाटणीच्या साहसकथांना डावललं जातं, असं मानणाऱ्या गटांनी २०१५ मध्ये ठरवून याद्या फिरवल्या. काही विभागांत अंतिम यादीतली पाचच्या पाच नावं त्यांचीच आली. क्लूस यांची कादंबरीही अशाच यादीतून वर आली होती. ते कळल्यावर त्यांना ती जागा नको झाली.

गणित पाहा. समजा नामांकन करणारे शंभर आहेत. त्यांतल्या पंधरा जणांनी तीच पाच नावं लिहिली. उरलेल्या पंच्याऐंशींनी आपापल्या मनाने लिहिली, आणि त्यांच्यातल्या सगळ्यांत लोकप्रिय पुस्तकाला चौदा मतं पडली. पॅनेलची पाचही पुस्तकं पंधरा-पंधरा मतांनी वर, चौदावालं बाहेर. पंधरा टक्के लोकांनी शंभर टक्के यादी खिशात घातली.

त्या ऑगस्टमध्ये वाचकांनी उत्तर दिलं ते 'नो अवॉर्ड'च्या ओळीवर. ५,९५० मतपत्रिका आल्या आणि पाच विभागांत 'नो अवॉर्ड' जिंकलं. त्याआधीच्या सगळ्या इतिहासात मिळून ते पाचदाच घडलं होतं. लघुकथेचा विभाग रिकामा, लघुकादंबरीचाही. ज्यांना न विचारता पॅनेलमध्ये घातलं गेलं होतं असे काही लेखकही त्यात भरडले गेले. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

पण दरवर्षी सगळं रिकामं ठेवणं हा काही उपाय नव्हे. म्हणून मोजणीच बदलली. ह्यूगोच्या घटनेत बदल करायचा तर तो लागोपाठ दोन वर्षांच्या सभांत मंजूर व्हावा लागतो. २०१५ ला स्पोकेनमध्ये झाला, २०१६ ला कॅन्सस सिटीत झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याचं नाव 'ई प्लुरिबस ह्यूगो'. अमेरिकेच्या नाण्यांवर 'ई प्लुरिबस युनम', म्हणजे 'अनेकांतून एक', असे लॅटिन शब्द असतात, त्यांवर केलेली ही कोटी.

ही पद्धत मी भाकरीने समजावते. प्रत्येक मतदाराला प्रत्येक विभागात एक भाकरी मिळते. त्याने पाच नावं लिहिली तर प्रत्येक पुस्तकाला भाकरीचा पाचवा हिस्सा. एकच नाव लिहिलं तर अख्खी भाकरी त्यालाच. सगळ्यांचे तुकडे जमा झाले की सगळ्यांत कमी भाकरी मिळालेली दोन पुस्तकं समोरासमोर उभी करायची. त्या दोघांत ज्याचं नाव कमी लोकांनी लिहिलं, ते बाद. बाद झालेल्याचे तुकडे वाया जात नाहीत. ज्या मतदाराचा तुकडा होता, त्याच्या उरलेल्या पुस्तकांत तो सारखा वाटला जातो. मग पुन्हा तळातली दोन, पुन्हा एक बाद, असं सहा उरेपर्यंत.

मघाचं पॅनेल या हिशेबात बसवू. पंधरा जणांच्या पंधरा भाकऱ्या पाच पुस्तकांत वाटल्या, प्रत्येकाला तीन. चौदा मतांच्या पुस्तकाला सुरुवातीला त्याहून थोडं कमीच, चौदाचे पाचवे हिस्से म्हणजे २.८. पण त्या चौदा वाचकांनी लिहिलेली बाकीची नावं विखुरलेली आहेत, प्रत्येकाची वेगळी. ती एकेक करून बाद होतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा तुकडा या पुस्तकाकडे येतो. ते फुगत फुगत चौदा भाकऱ्यांपर्यंत जाऊ शकतं. पॅनेलची पुस्तकं मात्र तीनवरच अडकलेली, कारण त्यांचे मतदार तेच आणि नावंही तीच. शेवटी तळाला दोन्ही पॅनेलचीच पुस्तकं समोरासमोर येतात आणि त्यांतलं एक जातं (आपल्या उदाहरणात त्यांची मतं सारखी धरली, प्रत्यक्षात एखाद्या मताचा फरक पडतो). आता पंधरा भाकऱ्या चौघांत, पावणेचार. आणखी एक गेलं, पाच. पॅनेलची पुस्तकं एकमेकांना खाली ओढत राहतात, आणि पाचऐवजी एखाद-दुसरंच आत शिरतं. पंधरा लोकांच्या वाट्याला पंधरा लोकांइतकंच येतं.

यात एकट्या वाचकाला काही धूर्तपणा करावा लागत नाही. मनापासून आवडलेली नावं लिहायची, बस्स. माझ्या मते या पद्धतीचं मोठेपण तिथे आहे.

मोजणी कितीही सुधारली तरी मोजणारे हात माणसांचेच. २०२३ चं वर्ल्डकॉन चीनमध्ये चंगडू इथे झालं. नियमाप्रमाणे मतांचे आकडे जाहीर करावे लागतात, ते आले जवळजवळ तीन महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये. आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल'ला अंतिम यादीत येण्याइतकी नामांकनं होती आणि पुढे नुसताच शेरा : अपात्र. कारण दिलं नव्हतं. त्यानंतर उघड झालेल्या ईमेलवरून दिसलं की चीनच्या दृष्टीने राजकीयदृष्ट्या नाजूक काही आहे का, यासाठी आयोजकांपैकी काही जण लेखकांचं लेखन आणि वागणं तपासत होते.

या पुस्तकाचं जाणं मला विशेष लागलं, कारण ते भाषांतर जगणाऱ्या माणसांचं पुस्तक आहे. १८३० च्या दशकातलं ऑक्सफर्ड. चांदीच्या कांबीवर एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला त्याचा प्रतिशब्द. भाषांतरात जो अर्थ निसटतो, तोच कांबीतून जादू होऊन बाहेर पडतो, आणि त्या जादूवर ब्रिटिश साम्राज्य चालतं. नायक कँटनचा, त्याचा जिवलग मित्र कलकत्त्याचा. 'माहेर' किंवा 'ओलावा' या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द शोधताना जे हातातून सुटतं, ते ज्याने अनुभवलंय त्याला ही कल्पना कुणी समजावून सांगावी लागणार नाही.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, ग्लासगोच्या वर्ल्डकॉनमध्ये वेगळाच प्रकार. ३,८१३ मतपत्रिका आल्या होत्या आणि आयोजकांनी त्यांतल्या ३७७ रद्द केल्या. सभासदांच्या नावांत एकेका अक्षराचाच फरक, काही नावं तर ओळीने येणाऱ्या आकड्यांची भाषांतरं. कुणीतरी पैसे भरून मतं उभी केली होती. ग्लासगोच्या लोकांनी निकालाआधीच, जुलैमध्ये, हे जाहीर केलं. ज्याच्यासाठी ही मतं पडली त्याचं नाव मात्र सांगितलं नाही, कारण त्याला यातलं काही माहीत असल्याचा पुरावा नव्हता. चंगडूनंतर विश्वास परत यायला ते जाहीर पत्रक फार उपयोगी पडलं.

निकालावर विश्वास बसावा म्हणून आपल्याकडे एकाने नेमकी उलटी वाट धरली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. ते लेखक होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हाताने लिहवून घेतली. तिथे नाव झाकलं म्हणून विश्वास बसला, ह्यूगोत आकडे उघडे ठेवतात म्हणून.

तर मग या यादीवरून सध्याच्या वाचनाबद्दल काय कळतं? २०२५ च्या सहांतली चार वर आली आहेत. उरलेली दोन म्हणजे 'एलियन क्ले', पुन्हा चायकोव्स्कीच, परग्रहावरच्या कैद्यांच्या वसाहतीत पाठवलेल्या बंडखोर प्राध्यापकाची गोष्ट, आणि टी. किंगफिशर यांचं 'अ सॉर्सरेस कम्स टू कॉल', जिथे चेटकीण आई मुलीच्या शरीरावर ताबा मिळवते. सहांत अवकाशयुद्ध एकही नाही. राजा-तलवारीची भव्य फँटसीही नाही. विजेत्या पुस्तकात दर पावसाळ्यात समुद्रातून अजस्र प्राणी साम्राज्याच्या तटबंदीवर चालून येतात, पण गोष्ट आहे ती अंगातून झाड उगवून मेलेल्या एका अधिकाऱ्याची, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून विचार करणाऱ्या तपासनीस बाईंची. दोन प्रकारांची सरमिसळ करणारी पुस्तकं सध्या वाचकांना भावतायत, हे स्पष्ट आहे.

पण ही यादी म्हणजे अख्खं वाचकविश्व नव्हे. प्रेमकथा आणि फँटसी यांचं मिश्रण, ज्याला रोमँटसी म्हणतात, ते आज प्रचंड खपतं. रेबेका यारोस यांच्या ड्रॅगनस्वारांच्या मालिकेतलं 'ओनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्ये आलं आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे २७ लाख प्रती गेल्या. ह्यूगोला मत देणारे काही हजार. ते वाचक वेगळे, त्यांची चर्चा वेगळीकडे चालते. एका यादीवरून दुसऱ्या वाचकांना कमी लेखण्याचं काही कारण नाही. ज्याला ड्रॅगनवर बसून प्रेमात पडायचंय, त्याने तिकडे जावं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी कादंबरीच्या विभागाआधी लघुकादंबरीकडे पाठवते. ह्यूगोत १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या लेखनाचा तो वेगळा विभाग आहे, म्हणजे दोन संध्याकाळींत संपणारं पुस्तक. २०१८ ला त्यात जिंकलेलं मार्था वेल्स यांचं 'ऑल सिस्टिम्स रेड' घ्या. स्वतःचं नियंत्रण मोडून टाकलेला सुरक्षारक्षक यंत्रमानव, ज्याला माणसांशी बोलण्यापेक्षा मालिका बघत बसायला आवडतं. किंवा २०२२ चं बेकी चेंबर्स यांचं 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट', गावोगाव चहा पाजत फिरणाऱ्या भिक्षूची आणि जंगलातून आलेल्या यंत्रमानवाची शांत गोष्ट.

आणि निकालाच्या पाठोपाठ आकड्यांची पानं येतात, ती फुकट असतात. त्यांत प्रत्येक फेरीत कोण बाद झालं, कुणाची मतं कुठे गेली, सगळं छापलेलं असतं. मी विजेत्याचं नाव पाहून लगेच नामांकनाच्या पानावर जाते आणि अंतिम यादी जिथे संपते, त्याच्या लगेच खालची दोन-तीन नावं टिपून ठेवते. एप्रिल २०१५ मध्ये 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' तिथेच होतं.